उकळलेला कार्बोरेटर

"बाई, खोलण्याआधी फोटो काढा. एकेका स्क्रूचा काढा. नाहीतर सगळं पिशवीत भरून परत इथंच याल," असं स्पेअर पार्ट्सच्या दुकानदाराने मला काउंटरपलीकडून बजावलं होतं. मी नुसतं हसले. 'आम्हीही कॉलेज केलंय हो' असा अर्थ असलेलं ते हसू. (कॉलेजात माझा विषय इतिहास होता, पण हसताना विषय सांगावा लागत नाही.) शिवाय फोटो काढायचे तर फोनमध्ये जागा हवी. माझ्या फोनमध्ये आमच्या छोटीचे झोपेतले फोटो गच्च भरलेत. सगळे अगदी सारखे. डोळे मिटलेले, तोंड उघडं, एक मूठ गालाशी. त्यातला एक पुसून तिथे स्क्रूचा फोटो ठेवणारी आई मला दाखवा.

आता तुम्ही विचाराल, रांगत्या पोरीच्या आईला कार्बोरेटर खोलायची अवदसा का आठवली? तर झोपेसाठी. आमची छोटी पाळण्यात झोपत नाही. खांद्यावर झोपत नाही. अंगाई गायला लागलं की ती टाळ्या वाजवते आणि पुढचं कडवं मागते. ती झोपते फक्त माझ्या सासऱ्यांच्या ट्रकमध्ये.

सासरे आयुष्यभर लोकांचं फर्निचर पोचवत आले. धंदा थांबला, पण तो जुना पेट्रोलचा ट्रक फाटकाशी उभाच राहिला. सासूबाई त्याला 'सवत' म्हणतात आणि लग्न झाल्यापासून त्यात बसलेल्या नाहीत. रोज दुपारी सासरे छोटीची खुर्ची मधल्या जागेवर पट्ट्यांनी आवळून बांधायचे, मी त्या पट्ट्या पुन्हा ओढून बघायचे, ते "बांधलंय गं, कपाट पाडलं नाही कधी मी" म्हणायचे, मी तरी आणखी एकदा ओढायचे, आणि मग आम्ही तिघं निघायचो. तो ट्रक चालताना असा काही हलायचा की विचारू नका. ढुगढुग, ढुगढुग, मग एक फुस्स, आणि पुन्हा ढुगढुग. दुसऱ्या गल्लीच्या वळणावर छोटीची मान कलायची. मग तिला काचेच्या हंडीसारखी वर नेऊन ठेवायची, आणि मी आंघोळ करायचे, जेवायचे, पाठ्यपुस्तकांची मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासायला बसायचे. त्यावर माझं पोट चालतं आणि डोकंही ठिकाणावर राहतं.

एके दिवशी चौकात फुस्स झालं आणि पुढचं ढुगढुग आलंच नाही. मागून काळा धूर, पुढून पेट्रोलचा वास. चार भल्या माणसांनी ढकलत घरी आणलं. त्या दिवसापासून छोटी जागी, म्हणून घर जागं. नवरा एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून ऑफिसला गेला. सासूबाईंनी चहात मीठ घातलं, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. सासरे छोटीला मांडीवर घेऊन बंद ट्रकच्या स्टीअरिंगमागे बसायचे आणि तोंडाने ढुगढुग करायचे. पोरगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. फुस्सला खिदळायची.

"बाबा, गॅरेजवाल्याला बोलवू या ना," मी म्हटलं.

बोलावलं. तो पोरगेला मेकॅनिक हातात छोटा संगणक घेऊन आला, बॉनेटखाली वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला. शेवटी म्हणाला, "ह्याला वायर कुठं लावायची?"

"कसली वायर?"

"गाडीला काय झालंय ते गाडीच सांगते ना. वायर लावली की." मग त्याने आवाज खाली आणला, जसा डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन आणतात. "ही सांगणार नाही. कार्बोरेटरची आहे. तो खोलून साफ करावा लागेल. आमच्याकडे खोलणारं कोणी नाही."

"बाबा, तुम्हाला येतं ना?" मी विचारलं.

सासरे दुखावल्यासारखे दिसले. "मी चालवतो. खोलायचं काम माझं नाही. बायकोचं पोट दुखलं म्हणून कोणी स्वतः फाडून बघतं का?"

"माझं उदाहरण कशाला?" घरातून सासूबाई.

इथवर गोष्ट घरातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकच्या काचेवर नगर कार्यालयाचा पिवळा कागद. 'बेवारस वाहन. सोमवारी उचलण्यात येईल.' सासऱ्यांनी तो कागद वाचला, पुसायच्या फडक्याने काच पुसली, कागद मात्र तसाच ठेवला, आणि आत जाऊन आडवे झाले. झोपले नाहीत. आमच्याकडे झोपतं कोण?

मी छोटीला कडेवर घेऊन कार्यालयात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ती शांतता बघूनच मला शंका यायला हवी होती.

"गाडी बेवारस नाही," मी म्हटलं. "मालक घरी आहेत. मी त्यांची सून."

"मालक असले तरी गाडी हलत नाही ना? हलत नाही ती बेवारस."

"नादुरुस्त आहे."

"मग दुरुस्त करून इथं आवारात आणून दाखवा. लगेच शेरा काढतो."

"सोमवारच्या आत नाही झाली तर?"

"तर तशीच ओढून आणा. इथं आली म्हणजे हललीच की."

"ओढून कोण आणणार?"

"आमचं क्रेनचं पथक आहे."

"म्हणजे सोमवारी तुम्ही जे करणार आहात तेच."

"तेच तर सांगतोय," कारकून आनंदाने म्हणाला. "तुम्हाला काहीच करायचं नाही."

मी खिडकीपासून बाजूला झाले, फाटकापर्यंत गेले, परत आले, आणि मला नक्की काय विचारायचं होतं तेच आठवेना. छोटी कारकुनाकडे बघून हसत होती. टक्क जागी.

म्हणून मी दुकानातून किट आणलं, म्हणजे कार्बोरेटरच्या आतल्या झिजणाऱ्या वस्तूंचं नवं पाकीट. म्हणून ते फोटोंचं बोलणं आणि म्हणून ते माझं हसू.

नवऱ्याने व्हिडिओ शोधला. त्यात एक दाढीवाला माणूस शीळ घालत कार्बोरेटर खोलून, धुऊन, जोडून मोकळा होत होता. "हे तर काहीच नाही," नवरा म्हणाला. मग आमचा खोलल्यावर म्हणाला, "त्याच्याला दोन तोंडं आहेत. आपल्याला एकच."

"मग?"

"मग तो दोनदा करतोय ते आपण एकदा करायचं," असं म्हणून त्याने बॅटरी धरली. नवऱ्याची बॅटरी धरण्याची पद्धत अशी, की आपण जिथे बघतो तिथे नाही, तो जिथे बघतो तिथे उजेड पडतो. आणि तो बघत होता व्हिडिओकडे.

सांगायला हरकत नाही, खोलताना मला मजा आली. एवढंसं ते बिडाचं धूड, पण आत केवढा संसार. एक वाटी, त्यात पेट्रोल साठतं. वाटीत पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर जाऊन सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. म्हणजे पोट भरलं की तोंड मिटायचं, ही साधी अक्कल त्या पितळेला आहे. मग जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे, केसाएवढ्या भोकांचे पितळी खिळे. त्या भोकांत तपकिरी चिकट साका धरला होता. दुधाच्या बाटलीच्या बुचात धरतो ना, हुबेहूब तसाच.

आणि इथे माझं चुकलं. पण कोणत्याही बाळाच्या आईचं इथेच चुकलं असतं. साका दिसला, बारीक भोकं दिसली, माझे हात आपोआप चालू लागले. बाटलीच्या ब्रशने घासलं. साबणाच्या पाण्यातून काढलं. छोटीचं नाक साफ करायच्या रबरी पंपाने जेटमधून हवा फुंकली. तो पंप त्या कामाला इतका चपखल बसला की मला भरून आलं. आणि मग सगळं निर्जंतुकीकरणाच्या भांड्यात रचून, झाकण लावून, बटण दाबलं.

वास आधी सासूबाईंना आला.

"काय शिजतंय?"

"कार्बोरेटर."

सासूबाईंनी झाकण उचललं. वाफेत कार्बोरेटर बसला होता, गुलाबी चिमट्याशेजारी. "अगं, जंतू कोणाला होणार होते? गाडीला?"

मला स्वतःलाही नीट कळेना. तोवर खालच्या मजल्यावरचे पूलकाका येऊन पोचले होते. ते निवृत्त इंजिनियर, हयातभर पूल बांधले, म्हणून पूलकाका. आमच्या इमारतीत कुठे काही उघडलं की त्यांना कळतं.

"फ्लोट तपासलात का?" त्यांनी विचारलं. "त्याला चीर असेल तर पेट्रोल आत शिरून तो बुडतो. गरम पाण्यात दाबून धरा. बुडबुडा आला तर चीर."

मी छोटीचा टब घेतला. त्यात आंघोळीचं तापमान दाखवणारं बदक असतं. बदक हिरवं होईपर्यंत पाणी ओतलं.

"एवढं कोमट नको, कडकडीत पाहिजे."

"काका, बदक लाल होईल."

"होऊ दे लाल!"

फ्लोट पाण्याखाली धरला. बुडबुडा आला. आणखी एक आला.

"चीर," पूलकाका म्हणाले.

"साबण," सासूबाई म्हणाल्या. "काल टब नीट विसळला नव्हता."

"बुडबुडा कुठून निघतोय ते बघा ना," मी म्हटलं.

"बघतोय की," नवरा म्हणाला आणि बॅटरीचा झोत बदकावर पडला.

पाणी बदललं. बुडबुडा नाही. पूलकाकांचं म्हणणं पडलं, आता आतली हवा संपली म्हणून येत नाही. सासऱ्यांनी फ्लोट उचलला, कानाशी नेऊन हलवला, आणि परत ठेवला. ऐकून त्यांना काय कळलं ते कोणी विचारलं नाही, नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काही नाही. सगळे काहीतरी करत होते, म्हणून मीही केलं."

मग मी कार्बोरेटरचं धड आतलं पाणी निथळावं म्हणून उपडं केलं. टिंग.

काहीतरी पडलं, फरशीवरून घरंगळत गेलं, आणि आवाज बंद झाला.

"छर्रा," पूलकाका म्हणाले. "ह्यात एक छोटा पोलादी छर्रा असतो. उपडं करायचं नसतं."

"हे आधी सांगायचं ना काका!"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही इतक्या आत्मविश्वासाने उकळत होतात."

मी खाली बघितलं. फरशीवर छोटी बसली होती. तिचं तोंड हलत होतं.

पुढचं मला सलग आठवत नाही. तिच्या तोंडात बोट घातलं तर किटच्या पाकिटाचा कागद निघाला. पण कागदाबरोबर छर्रा गेला नाही कशावरून? नवरा म्हणाला, गेला नसेल. सासूबाई म्हणाल्या, गेला तरी वाटेने येईल. सासरे चपला घालून दारात उभे होते, आणि ट्रकची किल्ली त्यांच्या हातात होती. कुठल्या ट्रकची, हे त्यांनाही सुचलं नाही.

रिक्षाने दवाखाना गाठला.

"काय गिळलंय?" बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"कार्बोरेटरचा छर्रा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घरात कार्बोरेटर कशाला?"

"हिला झोपवायला," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या मनात अगदी सरळ होतं. बाहेर पडल्यावर ते कसं ऐकू आलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी हळूच मलाच विचारलं, "तुम्ही शेवटच्या कधी झोपला होतात?"

एक्स-रेमध्ये छर्रा नव्हता. पोरगी ठणठणीत होती. रडून रडून माझा मात्र चेहरा सुजला होता, म्हणून नर्सने पाणी मला दिलं. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, किटमध्ये नवा छर्रा येत नाही का?"

घरी येऊन बघितलं. होता. पाकिटाच्या कोपऱ्यात, चिकटपट्टीखाली, जन्मापासून. जुना संध्याकाळी नवऱ्याच्या पँटच्या मुडपीत सापडला. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही दवाखान्यात गेलो, तो आमच्याबरोबरच रिक्षात बसून आला होता.

रविवारभर जोडाजोडी. झाकण बसलं, वाटी बसली, दांड्या अडकल्या. मी हात पुसले, आणि टेबलावर बघितलं तर निम्मं सामान उरलेलं. सांध्यांत बसवायची पातळ कागदी गास्केटं, दोन स्प्रिंग, एक वॉशर, एक असं काहीतरी ज्याला तोंड कुठलं नि शेपूट कुठलं ते कळेना. माझं धाबं दणाणलं. दुकानदाराला फोन लावला.

"उरणारच," तो म्हणाला. "किट पाच-सात गाड्यांना मिळून असतं. तुमचं तेवढं लावायचं, बाकी टाकायचं."

"पण किती उरायला हवं?"

"खोलताना काढलेल्या फोटोत बघा ना."

मी टेबलावरचे स्प्रिंग पुन्हा मोजायला लागले.

"बाई? फोटो काढले होते ना?"

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्रितं तपासणाऱ्या बाईसमोर असा मजकूर आला होता, ज्याची मूळ प्रतच नव्हती. शेवटी मी तेच केलं जे कामात करते. प्रत्येक गास्केट प्रत्येक जागेवर धरून बघितलं. भोकाला भोक जुळतं का, कडेला कड. जुळलं ते ठेवलं. स्प्रिंगांचं मात्र देवावर सोडलं.

सोमवारी सकाळी अख्खी इमारत खाली. मी आणि नवऱ्याने कार्बोरेटर जागेवर बसवला. छोटीची खुर्ची मध्ये आवळून बांधली. मी इंजिनपाशी हवी होते, त्यामुळे तिचा हात धरायला कोणीतरी आत बसणं भाग होतं. सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं.

"मी? ह्यात?"

"आई, दोन मिनिटं फक्त."

सासूबाई सवतीच्या घरात पाऊल टाकल्यासारख्या चढल्या, पदराने सीट झटकली, आणि अंग चोरून बसल्या. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. खर्र, खर्र, खर्र... आणि इंजिन लागलं.

लागलं म्हणजे काय लागलं! ना धूर, ना वास. हलकासा घूं असा आवाज, साय धरलेल्या दुधासारखा एकसंध. पूलकाकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने मला मिठी मारली आणि लगेच माझ्या केसांचा वास आल्यामुळे सोडलं. मला वाटलं, इतिहास घेऊनही माणूस उपाशी मरत नाही.

मग मी खिडकीतून आत बघितलं. छोटी ताठ बसली होती. डोळे एवढाले. प्रसन्न.

सासऱ्यांनी एक्सिलरेटर दाबला, सोडला. घूं. त्यांचा चेहरा परक्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा झाला होता. "सूनबाई," ते म्हणाले, "छान झालंय हो. पण ही माझी गाडी नाही. ही हलतच नाही."

मी तिथेच फुटपाथवर बसणार होते. त्या ढुगढुगीमुळे, त्या फुस्समुळे पोरगी झोपत होती. आणि तोच तर ट्रकचा आजार होता. मी आजार बरा केला होता. आणि नेमकं त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी क्रेन वळली.

"बिघडव," सासूबाई आतून म्हणाल्या.

"काय?"

"अगं, नीट केलंस ना? मग आता थोडं बिघडव. बघत काय बसलीस!"

कार्बोरेटरच्या बाजूला एक स्क्रू असतो. त्याने हवा आणि पेट्रोल कमीजास्त होतं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेटखाली गेले. किंचित फिरवला. घूं. आणखी किंचित. घूंऽ. आणखी. ट्रक एकदा शहारला. क्रेन आमच्यामागे येऊन उभी राहिली, तिच्यातून पथकाचा मुकादम उतरला आणि ओरडला, "ही बेवारस गाडी कोणाची..."

"श्शऽऽ!" अख्खी इमारत.

मी आणखी एक केसभर फिरवला. ढुगढुग, ढुगढुग. फुस्स. ढुगढुग. खिडकीत छोटीची मान कलली. पापण्या मिटल्या, उघडल्या, मिटल्या. एक मूठ गालाशी गेली.

मुकादम चवड्यांवर चालत माझ्यापाशी आला. "झोपली?" तो कुजबुजला.

"झोपतेय."

"मग हळूच हलवा इथून. हलली की माझ्या लेखी काही तक्रार नाही."

मी अलगद बॉनेट मिटलं. सासऱ्यांनी गिअर टाकला. ट्रक ढुगढुगत फाटकापासून निघाला, गल्लीच्या टोकाला वळला, दिसेनासा झाला. सगळे जागच्या जागी हात हलवत होते, आवाज न करता. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन रस्त्यावर उभी आहे, आणि माझी पोरगी त्यात आहे.

त्याला आता बराच वेळ झाला. नवरा स्कूटरवर शोधायला गेला होता. चौकाच्या पलीकडे त्याला ते दिसले. सासूबाईंनी खिडकीतून ओठांवर बोट ठेवून त्याला परत पिटाळलं. थांबलं की पोरगी चाळवते, म्हणून ते थांबत नाहीत. दुसऱ्यांदा दिसले तेव्हा म्हणे सासूबाई स्वतःच खिडकीला डोकं टेकून घोरत होत्या. फोन मी करू शकत नाही, घंटी वाजेल. म्हणून इथे फाटकाच्या कट्ट्यावर बसून हे लिहून काढलं; नुसतं बसवत नाही हो.

तेव्हा एक विनंती. तुमच्या रस्त्याने एखादा जुना ट्रक ढुगढुगत, मधेच फुस्स करत जाताना दिसला, तर हॉर्न वाजवू नका. जरा शेजारून चाला, तो काही फार जोरात जात नाही. आत मध्ये एक बाळ झोपलेलं असेल, त्याची काळजी नाही. पलीकडे एक आजी झोपलेल्या असतील, त्यांचीही नाही. फक्त स्टीअरिंगमागे जे आजोबा आहेत ना, आमच्या घरात इतके दिवस जे झोपले नाहीत, त्यांत तेही आहेत. त्यांचे डोळे उघडे आहेत ना, तेवढं जरा बघाल?